लोक ‘नको’ म्हणतात म्हणून गाडी घ्यायची थांबवू का?

पत्र

माझी आत्ताची गाडी सात वर्षांची आहे आणि चांगली चालते. नवी घ्यायचं ठरवलं तेव्हा दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचं मॉडेल मनात भरलं. तेवढ्यात बातमी आली की नेमक्या याच दोन कंपन्या विलीनीकरणाची बोलणी करत आहेत. तेव्हापासून घरात रोज वाद. थोरले भाऊ म्हणतात, “थांब, अशा कंपन्यांचं काही खरं नसतं, उद्या पार्ट मिळणार नाहीत.” ऑफिसातला मित्र म्हणतो, “आत्ताच घे, घाबरून सूट देतील.” एका ऑनलाइन चाचणीत बहुतेकांनी विलीनीकरण नकोच म्हटलंय, आणि विरोधाच्या एका निवेदनावर सही करा असा मलाही निरोप आलाय. लोकांच्या मताला किती किंमत द्यायची? नवी गाडी घ्यावी का? जुनीचं काय होईल? आणि सही करून काही फरक पडतो का?

– एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी लोकांच्या मताबद्दल बोलू, कारण तुमचा बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू झालाय. गाड्यांच्या कंपन्यांची मोठी विलीनीकरणं पाहिली तर लोकांचा कौल, म्हणजे हवं की नको एवढाच आकडा, पुढचं सांगण्याच्या फारसा कामी आलेला नाही. पण त्या कौलामागे लोक जी कारणं देतात त्यातली काही अगदी नेमकी निघाली आहेत. म्हणून आकडा सोडा, कारणं वाचा, आणि कारण देणाऱ्याचं स्वतःचं त्यात काय अडकलंय ते बघा.

मे १९९८ मध्ये डायम्लर-बेंझ आणि क्रायस्लर यांनी एकत्र येण्याची घोषणा केली. हे बरोबरीच्या दोन कंपन्यांचं विलीनीकरण आहे, असं त्यांनीच सांगितलं. दोन्हीकडच्या भागधारकांनी प्रचंड बहुमतानं मंजुरी दिली, कौतुकही भरपूर झालं. २००१ च्या जानेवारीत क्रायस्लरमधल्या २६,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली, त्याच वर्षी प्लिमथ हे जुनं नाव बंद पडलं, आणि २००७ मध्ये ८०.१ टक्के हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला विकून डायम्लरनं क्रायस्लरचा ताबा सोडला. मधल्या काळात, २००० मध्ये, डायम्लरचे प्रमुख युर्गन श्रेम्प यांनी मुलाखतीत सांगून टाकलं की क्रायस्लर आपल्या हाताखालचा एक विभाग म्हणूनच राहावी, हा विचार पहिल्यापासून होता. भागधारक कोर्टात गेले. २००३ मध्ये कंपनीनं ३० कोटी डॉलर देऊन त्यांचा एक मोठा दावा मिटवला. सगळ्यांनी ‘हो’ म्हटलेलं विलीनीकरण असं संपलं.

आता उलट उदाहरण. टाटा मोटर्स जॅग्वार आणि लँड रोव्हर घेणार, असं २००७ च्या शेवटी दिसू लागलं तेव्हा अमेरिकेतल्या जॅग्वार विक्रेत्यांच्या बाजूनं जाहीर नाराजी निघाली: भारतीय मालकीत या नावाची प्रतिष्ठा राहणार नाही. २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलरना व्यवहार झाला आणि लगेच जगभर मंदी आली, तेव्हा शंका घेणाऱ्यांना आपलंच खरं वाटलं असणार. पण दोन्ही नावं टिकली, नवी मॉडेलं आली, कंपनी नफ्यातही आली. त्या व्यवहारात प्रतिष्ठेपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच होता: इंजिनं कुठून येणार? ती फोर्डच्या कारखान्यांतून येत होती. कंपनी विकल्यानंतरही फोर्ड इंजिनं पुरवत राहील असा करार झाला, आणि जॅग्वार लँड रोव्हरनं स्वतःची इंजिनं बनवायला २०१५ च्या सुमारास सुरुवात केली. नव्या मालकाकडे स्वतःचं इंजिन नसेल तर जुना मालक ते किती वर्षं देणार, हे अशा कुठल्याही बातमीत आधी शोधायचं. प्रतिष्ठेवर शेकडो लोक बोलतात, पुरवठ्याच्या करारावर फार थोडे.

तिसरं उदाहरण आमच्या मते सगळ्यांत शिकण्यासारखं आहे, कारण तिथं विरोधानं व्यवहार खरोखर थांबवला. सप्टेंबर १९९३ मध्ये व्होल्वो आणि रेनॉ यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. नव्या कंपनीत व्होल्वोचा वाटा ३५ टक्के असणार होता. रेनॉ तेव्हा फ्रेंच सरकारच्या मालकीची होती, आणि सरकारकडे नकाराधिकार देणारा एक खास शेअर राहणार होता. स्वीडनमध्ये लहान भागधारकांची संघटना उठली, कंपनीतले अभियंते आणि व्यवस्थापकही विरोधात गेले. सरकार रेनॉचं खासगीकरण नक्की कधी करणार आणि तो खास शेअर कशासाठी वापरणार, याचं समाधानकारक उत्तर त्यांना कोणी देऊ शकलं नाही. २ डिसेंबरला संचालक मंडळानं प्रस्ताव मागे घेतला, अध्यक्ष पेर यिलेनहामर यांनी राजीनामा दिला.

हा विरोध का चालला ते नीट बघा. विरोध करणाऱ्यांच्या हातात मतं होती, आणि त्यांचे प्रश्न ठरावीक कलमांवर होते. पुढं १९९९ मध्ये व्होल्वोचा कार विभाग फोर्डकडे गेला आणि २०१० मध्ये चीनच्या जीलीकडे. २००१ मध्ये तर रेनॉचाच ट्रकचा व्यवसाय व्होल्वोनं घेतला. म्हणजे ‘परक्यांशी सोयरीक नको’ हे त्या विरोधाचं मूळ नव्हतं. त्या वेळच्या अटी वाईट होत्या.

आता तुम्ही पाहिलेल्या चाचणीकडे. संकेतस्थळावर ज्याला वाटेल तो बटण दाबून जातो त्या मोजणीला चाचणी म्हणणंच चूक. तिथं येतात ते चिडलेले किंवा कट्टर चाहते, आणि एकच माणूस दोनदा दाबू शकतो. नीट नमुना घेऊन केलेली चाचणी असली तरी तीन गोष्टी तपासा. प्रश्नाची भाषा: ‘दोन कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी एकत्र यावं का’ आणि ‘अमुक कंपनी तमुक कंपनीनं ताब्यात घ्यावी का’ या दोन प्रश्नांना तीच माणसं वेगळी उत्तरं देतात. उत्तर देणारे कोण: त्या कंपन्यांच्या गाड्या वापरणारे किती आणि नुसतं नाव ऐकलेले किती. आणि पोटगटाचा आकार. यादृच्छिक पद्धतीनं निवडलेल्या १,००० जणांच्या चाचणीत चूक साधारण तीन टक्के इकडेतिकडे असते. पण त्यातले प्रत्यक्ष मालक ६० च असतील, तर मालकांबद्दलच्या आकड्यात तेरा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. ‘मालकांपैकी ५५ टक्के विरोधात’ असा मथळा अशा चाचणीतून आला असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

माणसांची मतं ऐकायची असतील तर ज्याचं त्याला विचारावं. मालकाला सुट्या भागांबद्दल आणि सर्व्हिसबद्दल. विक्रेत्याला त्याच्या भागात दोन्ही कंपन्यांची किती शोरूम आहेत याबद्दल. कारखान्यातल्या माणसाला पुढचं मॉडेल कुठल्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे गाडीच्या खालच्या मूळ सांगाड्यावर, बनतंय याबद्दल, कारण ते त्याला बातमीच्या कितीतरी आधी कळतं. आणि शेअर बाजारालाही एका बाबतीत ऐकावं: बातमीच्या दिवशी कोणाचा भाव चढला आणि कोणाचा उतरला. होंडा-निस्सानच्या बोलण्यांची बातमी डिसेंबर २०२४ मध्ये फुटली तेव्हा निस्सानचा शेअर एका दिवसात सुमारे २४ टक्के वर गेला आणि होंडाचा घसरला. कोण कोणाला सावरणार आहे, हे बाजारानं त्या एका दिवसात सांगितलं.

त्याच उदाहरणावरून तुमच्या बातमीचा टप्पाही ओळखता येईल. २३ डिसेंबर २०२४ ला होंडा आणि निस्साननं केला तो सामंजस्य करार, म्हणजे बोलणी करायचं ठरलं एवढंच. ऑगस्ट २०२६ मध्ये दोघांच्या वर, दोघांचे शेअर धरणारी एक होल्डिंग कंपनी आणायचा बेत होता. १३ फेब्रुवारी २०२५ ला बोलणी संपल्याचं जाहीर झालं, कारण होंडानं निस्सानला उपकंपनी करण्याचा प्रस्ताव ठेवला आणि निस्सानला तो मान्य नव्हता. फियाट-क्रायस्लरनं रेनॉपुढं ठेवलेला प्रस्ताव तर २०१९ मध्ये दहा दिवसांतच मागे घेतला गेला. तेव्हा बातमीत ‘बोलणी’, ‘सामंजस्य’, ‘शक्यता’ असे शब्द असतील तोवर तुमच्या गाडीच्या दृष्टीनं काहीही घडलेलं नाही. बंधनकारक करारावर सह्या, मग भागधारकांची मंजुरी, मग स्पर्धा नियामकांची (बाजारात मक्तेदारी होऊ नये हे पाहणाऱ्या सरकारी संस्थांची) परवानगी, आणि मग प्रत्यक्ष विलीनीकरण, असा क्रम असतो. फियाट-क्रायस्लर आणि प्यूजोची पीएसए यांना ३१ ऑक्टोबर २०१९ च्या घोषणेपासून १६ जानेवारी २०२१ ला स्टेलांटिस ही एकत्र कंपनी होईपर्यंत साडेचौदा महिने लागले.

आणि विलीनीकरण झालं तरी शोरूममधली गाडी दुसऱ्या दिवशी बदलत नाही. पीएसएनं जनरल मोटर्सकडून ओपेल ही कंपनी ऑगस्ट २०१७ मध्ये घेतली. जनरल मोटर्सच्या प्लॅटफॉर्मवर तयार होत आलेली ओपेलची नवी कोर्सा ही गाडी बाजूला ठेवून पीएसएच्या प्लॅटफॉर्मवर दुसरी कोर्सा बनवली, ती २०१९ मध्ये आली. हा वेग विलक्षणच होता. साधारणपणे दोन कंपन्यांची खरी एकत्र गाडी रस्त्यावर यायला तीन-चार वर्षं लागतात.

यातून तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर निघतं. कंपनी विलीन होतेय का, यापेक्षा तुम्हाला आवडलेलं मॉडेल त्याच्या आयुष्याच्या कुठल्या वळणावर आहे, हे आधी विचारा. गाडीची एक पिढी साधारण सहा ते आठ वर्षं चालते, मध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षी बंपर, दिवे, डॅशबोर्ड बदलून फेसलिफ्ट येतो. पिढी नुकतीच आली असेल तर निर्धास्तपणे घ्या. अजून निदान पाच वर्षं ती बनत राहील, लाखो गाड्या रस्त्यावर येतील, आणि जितक्या गाड्या जास्त तितके पार्ट बनवणारे जास्त. पण पिढी शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत असेल आणि पुढची पिढी दुसऱ्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर जाणार असेल, तर ही गाडी तिच्या वंशातली शेवटची ठरेल. तिचे खास भाग पुढच्या गाडीला बसणार नाहीत. अशी गाडी दहा वर्षं वापरायची असेल तर घेऊ नका, किंवा भरघोस सूट मिळाली तरच घ्या.

इथं तुमच्या भावाची भीती अर्धी खरी आहे. पार्ट मिळत नाहीत म्हणजे कुठले, ते वेगळं काढून बघा. ब्रेक पॅड, फिल्टर, क्लच, बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर, स्पार्क प्लग हे बॉश, व्हालेओ, डेन्सो, माले, झेडएफ अशा पुरवठादारांकडून येतात. त्यांचे तेच किंवा जवळजवळ तेच भाग अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असतात, आणि गाडी कंपनी बुडाली तरी ते मिळत राहतात. अडतं ते हेडलाइट, टेललाइट, बंपर, दारांचे पत्रे, काचा, आतलं प्लॅस्टिक, वायरिंगचा पूर्ण संच आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा संगणक) यांपाशी. हेडलाइटचा साचा बहुधा गाडी कंपनीच्या मालकीचा असतो. पुरवठादार तो यंत्रावर चढवून एकदम मोठी खेप काढतो. मागणी घटली की खेप परवडत नाही, आधीचा साठा संपला की वाट बघत बसावं लागतं. कंट्रोल युनिटचं दुखणं याहून मोठं आहे. नवं युनिट नुसतं बसवून चालत नाही, ते तुमच्या गाडीच्या सतरा अक्षरी चासी नंबरशी जोडावं लागतं, आणि त्यासाठी सर्व्हिस सेंटरचा लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागतो. सर्व्हर बंद किंवा दुसऱ्या यंत्रणेत हलवलेला असेल, तर युनिट हातात असूनही गाडी सुरू होत नाही.

पूर्ण बुडालेल्या कंपनीचं उदाहरणही फार काळोखं नाही. साब या स्वीडिश गाडी कंपनीनं डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिची सुट्या भागांची कंपनी वेगळी नोंदवलेली होती, ती चालू राहिली आणि स्वीडन सरकारच्या ताब्यात गेली. विलीनीकरणात तर नवी कंपनी जुन्या जबाबदाऱ्यांसकटच येते, कारण ती कायद्यानं त्यांची वारस असते. दिवाळखोरीतून फक्त कारखाने आणि नाव विकत घेतलं जातं तेव्हा मात्र वॉरंटी आपोआप पुढं जाईलच असं नाही. तुमच्या बातमीत यांतलं कुठलं प्रकरण आहे ते बघा.

‘सगळ्या गाड्या सारख्याच होतील’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि सर्वांत कमी खरी असते. फोक्सवॅगनच्या एमक्यूबी प्लॅटफॉर्मवर २०१२ पासून गोल्फ, ऑडी ए३, स्कोडा ऑक्टाव्हिया, सेआत लिऑन बनतात. त्यात पुढच्या चाकांच्या मध्यापासून पेडलपर्यंतचं अंतर आणि इंजिन बसवण्याची पद्धत ठरलेली आहे. चाकांमधलं अंतर, रुंदी, सस्पेन्शनची घडण, सीट, स्टिअरिंगचा भार हे सगळं वेगळं ठेवता येतं आणि ठेवतातही. चालवून बघितलं की फरक कळतो.

खरी काळजी दुसरीच आहे, आणि तिच्याबद्दल लोक पुरेसं बोलत नाहीत: एक भाग चुकला की चूक सगळ्या नावांमध्ये पसरते. पीएसएचं १.२ लिटरचं प्यूरटेक पेट्रोल इंजिन घ्या. त्याच्या आधीच्या पिढ्यांत टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा) तेलात बुडालेला असतो. इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलं किंवा सांगितलेल्या दर्जाचं तेल वापरलं नाही, की बेल्टचं रबर फुगतं, त्याला चिरा जातात, त्याचा चुरा तेलात उतरतो. तो चुरा ऑइल पंपाच्या तोंडावरच्या जाळीत अडकतो, तेलाचा दाब घटतो, ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपालाही त्रास होतो. हेच इंजिन प्यूजो आणि सिट्रोएनमधून ओपेलमध्ये गेलं, आणि तक्रारीही बरोबर गेल्या. स्टेलांटिसनं युरोपात या इंजिनासाठी दहा वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत संरक्षण वाढवलं, पण वेळापत्रकानुसार सर्व्हिसिंग झाल्याचा पुरावा असेल तर. जाणकार मेकॅनिक तेल भरायचं तोंड उघडून आत दिसणाऱ्या बेल्टची रुंदी एका मापकानं तपासतो. बेल्ट फुगला असेल तर मापकाच्या खाचेत बसत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि जुनी गाडी घेताना तर केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दाइहात्सूच्या बाबतीतही हेच झालं. टोयोटाची ही पूर्ण मालकीची उपकंपनी. सुरक्षिततेच्या चाचण्यांमधले गैरप्रकार डिसेंबर २०२३ मध्ये उघड झाले तेव्हा ६४ मॉडेलं त्यात सापडली. त्यांत टोयोटा, माझदा आणि सुबारूच्या नावानं विकल्या जाणाऱ्या गाड्याही होत्या. म्हणून शोरूममध्ये बोनेटवरचं नाव बघून थांबू नका. इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा कोड विचारून घ्या, आणि त्याच कोडचं इंजिन त्या समूहाच्या दुसऱ्या कुठल्या गाड्यांत आहे ते शोधून त्या गाड्यांच्या मालकांच्या तक्रारी वाचा. लोकांच्या मताचा खरा उपयोग तुम्हाला इथं होईल. विलीनीकरणावर मत देणाऱ्या हजारांपेक्षा, तेच इंजिन चार वर्षं चालवलेले वीस जण जास्त कामाचं सांगतील. त्यातही एकाच बिघाडाचं वर्णन वेगवेगळ्या माणसांनी त्याच किलोमीटरच्या आसपास केलेलं दिसलं, तर ते गंभीरपणे घ्या.

विक्रेत्याकडे गेलात की वॉरंटीच्या कागदावर हमी देणारी कंपनी म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा: उत्पादक, आयातदार, की वाढीव वॉरंटी विकणारी विमा कंपनी. मॉडेल बंद झाल्यावर दहा वर्षं पार्ट मिळतात असं सर्रास सांगितलं जातं. सगळीकडे लागू होईल असा कायदा नाही, बऱ्याच ठिकाणी तो कंपन्यांचा रिवाज आहे, तेव्हा ते लेखी मागा. ऑनलाइन सेवा, म्हणजे अॅप, नकाशे, अपघाताचा इशारा, या किती वर्षांसाठी आहेत तेही लेखी घ्या. विलीनीकरणानंतर दोन अॅपचं एक करताना आधी जुन्या गाड्यांचा आधार सुटतो.

सर्व्हिस सेंटरबाबत एकच गोष्ट करा. नकाशावर जवळचं नव्हे, तर जवळून दुसरं सेंटर किती लांब आहे ते मोजा. दोन कंपन्यांची जाळी एक होताना जवळजवळ असलेल्या दोघांपैकी एक बंद होतं. २००९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत क्रायस्लरनं ७८९ विक्रेत्यांचे करार संपवले होते. ज्या मालकांचं दुसरं केंद्र लांब होतं, त्यांचे हाल झाले.

तुमचे मित्र सूट मिळेल म्हणतात त्याला आधार कमी आहे. नुसत्या बोलण्यांच्या बातमीनं विक्रेता भाव पाडत नाही. सूट मिळते ती पिढी संपत आल्यावर उरलेल्या साठ्यावर, किंवा एखादं नाव बंद करण्याची घोषणा झाल्यावर. ती घ्यायची की नाही, हे तुम्ही गाडी किती वर्षं ठेवणार त्यावर ठरतं. तीन-चार वर्षांत विकणार असाल तर टाळा, कारण विकताना मिळणारी किंमत त्या सवलतीइतकीच किंवा जास्तच घटेल. लांब पल्ल्यासाठी ठेवणार असाल तर किमतीचं नुकसान विसरता येईल, पण मग हेडलाइट आणि कंट्रोल युनिटचा वर सांगितलेला प्रश्न तुमच्या गळ्यात येईल.

जुन्या गाडीसाठी घाबरून पार्ट साठवू नका. रबर, बेल्ट, तेल, बॅटरी ठेवून ठेवून खराब होतात. साठवण्यापेक्षा तीन कामं आत्ताच उरका. एक, दुसरी चावी नसेल तर करून घ्या. चावी बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या सर्व्हरवरूनच गाडीशी जोडली जाते, आणि आहे ती एकुलती हरवली तर पुढं फार अवघड होईल. दोन, सर्व्हिसिंगची नोंद हल्ली बऱ्याचदा कागदी पुस्तकात नसते, सर्व्हरवर असते. प्रत्येक सर्व्हिसची तारीख, किलोमीटर, वापरलेल्या तेलाचा दर्जा आणि बदललेले भाग यांसह ती छापून, सही-शिक्क्यानिशी घ्या. तुमच्या गाडीसाठी उद्या वाढीव संरक्षण जाहीर झालं, तर तो कागदच कामी येईल. तीन, राहिलेले सगळे रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीनं गाड्या परत बोलावणं) आणि सॉफ्टवेअर अपडेट चासी नंबर देऊन तपासा आणि करून घ्या. रिकॉलचं काम मोफत असतं, आणि कंपन्या यंत्रणा बदलत असताना ते लांबतं.

राहिली सही. ‘आमच्या लाडक्या ब्रँडला वाचवा’ अशा निवेदनावर सही केलीत तर नुकसान काही नाही, उपयोगही नाही. मत तिथं मोजलं जातं जिथं ते मागवलेलं असतं. तुमच्याकडे शेअर असेल, एक का असेना, तर सर्वसाधारण सभेच्या सूचनेतला विलीनीकरणाचा ठराव वाचून मतदान करा. व्होल्वोत तेच कामी आलं. शेअर नसेल तर स्पर्धा नियामकाकडे लिहा. नियामक भावना बघत नाही, एखाद्या प्रकारच्या वाहनात ग्राहकाला पर्याय किती उरतात ते बघतो. स्टेलांटिसच्या वेळी युरोपीय आयोगाचा आक्षेप लहान मालवाहू व्हॅनपुरता होता. म्हणून परवानगी देताना अटी घातल्या: पीएसएनं टोयोटाला व्हॅन बनवून देण्याचा करार वाढवायचा, आणि स्पर्धकांच्या व्हॅन दुरुस्त करायला दोन्ही कंपन्यांच्या दुरुस्ती केंद्रांना मोकळीक द्यायची. एवढं नेमकं काहीतरी तुमच्या पत्रातही हवं. या दोन कंपन्यांच्या कुठल्या दोन मॉडेलांमध्ये तुम्ही निवड करत होता, त्या आकाराची आणि वापराची तिसरी गाडी बाजारात आहे का, दोघांची सर्व्हिस केंद्रं तुमच्यापासून किती अंतरावर आहेत आणि त्यांतलं एक बंद झालं तर किती जावं लागेल, एवढं एका पानात लिहा. बोलणी चालू असताना ते पाठवून उपयोग नाही, कारण प्रकरणच दाखल झालेलं नसतं. कंपन्यांनी रीतसर अर्ज केला की नियामक ते जाहीर करतो. युरोपात पहिल्या टप्प्याचा निर्णय २५ कामकाजाच्या दिवसांत व्हायचा असतो आणि लोकांना म्हणणं मांडायला त्यातले पहिले थोडेच दिवस मिळतात. तेव्हा पत्र आत्ताच लिहून तयार ठेवा आणि अर्ज दाखल झाल्याची सूचना दिसली की त्याच आठवड्यात पाठवा.